घेटुळी ओळखायची कशी: फांदीपासून मुळापर्यंत क्रमाने तपासणी

पुनर्नवा या औषधी वनस्पतीच्या नावाने बाजारात, रोपवाटिकांत आणि मोबाइलवरच्या फोटोंत जे काही फिरतं, त्यात निदान दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती मिसळलेल्या असतात. एक खरी घेटुळी, म्हणजे बोअरहाविया डिफ्यूजा. ही गुलबक्षीच्या आणि बोगनवेलीच्या कुळातली. दुसरी ट्रायन्थेमा पोर्ट्युलॅकॅस्ट्रम, जाड पानांची, तशीच जमिनीलगत पसरणारी. तिला कुठे पांढरी पुनर्नवा म्हणतात, कुठे पांढरी वसू, कुठे विषखापरा. दोघी एकाच बांधावर, एकाच पावसात, एकमेकींच्या फांद्यांत गुंतून वाढतात, त्यामुळे एका मुठीत दोन्ही उपटून येणं अगदी सोपं आहे.

यावर लोकांनी शोधलेला तोडगा रंगाचा: लाल देठाची ती खरी, हिरव्या देठाची ती दुसरी. हा तोडगा कामाचा नाही. सावलीतल्या घेटुळीच्या फांद्या हिरव्याच राहतात, आणि ट्रायन्थेमाची लालसर देठाची, गुलाबी फुलांची रूपं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यात दोन्हींमधलं लाल रंगद्रव्य एकाच गटातलं, बीटरूटमध्ये असतं त्या गटातलं. म्हणून रंग सोडून द्या. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर एका झाडाला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि त्यातल्या शेवटच्या दोन खुणा, फळ आणि मूळ, सहसा फसवत नाहीत.

कधी आणि कुठे बघायचं

घेटुळीला जागेचा तोरा नाही. शेताचा बांध, रस्त्याची कड, पडीक जमीन, घराच्या पायथ्याशी साचलेली माती, रेल्वेच्या रुळांमधली खडी, फरशीची फट, कुठेही ती मूळ धरते. मात्र ऊन लागतं. दाट झाडीत किंवा पाणथळ जागी ती शोधत बसू नका. मराठवाडा, सोलापूर, नगर अशा कमी पावसाच्या भागात ती उघड्यावर ठळक दिसते. कोकणात उंच गवताखाली झाकली जाते, तिथे बंदर, स्टेशन, घाटरस्त्याची कड अशा मोकळ्या, तुडवलेल्या जागा बघाव्यात.

कडक उन्हात तिचं भागतं याला शरीररचनेतलं कारण आहे. मका, ज्वारी, ऊस यांच्यासारखीच ती सी-४ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करते. भर दुपारच्या तापलेल्या जमिनीवरही तिच्या पानाचं काम चालू राहतं आणि त्यासाठी पाणी कमी लागतं. पानाचा पातळ आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर शिरांभोवती मोठ्या पेशींचं कडं दिसतं. कॉलेजात मक्याच्या पानावर हा प्रयोग करतात. घेटुळीवरही करायला हरकत नाही.

पाहणीचा उत्तम काळ श्रावण ते कार्तिक. तेव्हा एकाच झाडावर कळ्या, फुलं आणि पिकलेली फळं तिन्ही मिळतात. ज्येष्ठात पहिल्या पावसानंतर नुसते कोंब असतात, त्यावरून निर्णय देऊ नये. आणि जायचं सकाळी. घेटुळीची फुलं सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटायला लागतात. दुपारी एक वाजता गेलात तर हाती कळ्या आणि सुरकुतलेली फुलं एवढंच लागेल.

सोबत दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या. ते नसेल तर बाकीची तयारी कितीही असली तरी फुलापाशी अडाल. शिवाय मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, दाढीचं पातं, खुरपी, जुनी वर्तमानपत्रं, वही आणि पेन्सिल. पेन पावसात फुटतं.

पहिली पायरी: झाडाची ठेवण

झाडाला हात लावण्याआधी उभं राहून वरून बघा. घेटुळीच्या फांद्या मध्यावरच्या एका जाड बुंध्यातून निघून चहूकडे पसरतात. साधारण अर्धा ते एक मीटर लांबीच्या या फांद्या जमिनीला टेकून जातात आणि टोकाशी किंचित वर उचललेल्या असतात. आता एखादी फांदी मधोमध हलकेच उचलून बघा. ती सुटी उचलली जाते, कारण घेटुळी सहसा पेरांवर मुळं फोडत नाही. सगळा पसारा त्या एका बुंध्यावर टांगलेला असतो. दूर्वेसारखी पेरापेराला चिकटलेली वेल दिसली तर पुढे जा, ती दुसरं काही आहे.

फांदी बारीक, गोल, काहीशी ताठ असते. पेरांशी फुगीर, बारीक लव असलेली किंवा जवळजवळ गुळगुळीत. मोडून बघा. चीक येत नाही. दुधासारखा पांढरा चीक आला तर ती दुधीच्या जातीतली, म्हणजे युफॉर्बिया. तिथेच थांबा, हात धुवा.

दुसरी पायरी: पानांची जोडी

पानं समोरासमोर, जोडीने येतात. जोडीतलं एक पान मोठं, दुसरं स्पष्ट लहान. पुष्कळ पुस्तिकांत ही घेटुळीची खास खूण म्हणून दिलेली असते. गंमत अशी की ट्रायन्थेमाच्या जोडीतही एक पान मोठं आणि एक लहानच असतं. म्हणजे ही खूण दुधी आणि इतर किरकोळ तणं बाजूला काढते, पण ज्या दोघींत मुख्य गोंधळ आहे त्यांना वेगळं करत नाही. तरी वहीत नोंदवा, फक्त तिच्यावर विसंबू नका.

खरा फरक पानाच्या जाडीत, खालच्या बाजूत आणि देठाच्या बुडात आहे.

पान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळा. घेटुळीचं पान थोडं जाडसर असलं तरी पानासारखंच लागतं. ट्रायन्थेमाचं पान घोळीसारखं मांसल, चुरगळलं की बोटं ओली होतात. मग पान उलटं करा. घेटुळीची खालची बाजू फिकट, पांढुरकी दिसते, वरची हिरवी. हा फरक एवढा असतो की वाऱ्याने पानं उलटली की लांबून कळतो. पानाची कड बारीक लहरी घेते आणि बहुतेकदा तिला लालसर किनार असते. आकार अंडाकृती ते जवळजवळ गोल, लांबी साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर, पण खत-पाण्याच्या जागी त्याहून मोठी पानंही सापडतात.

आता देठ जिथे फांदीला मिळतो तिथे भिंग लावा. घेटुळीचा देठ साधा आहे, सरळ येऊन चिकटलेला. ट्रायन्थेमाच्या देठाचं बूड मात्र पसरट होऊन पातळ पापुद्र्यासारखं फांदीला कवटाळतं आणि त्याचा खिसा तयार होतो. फुलं नसलेल्या दिवसांत दोघींमधला भेद सांगणारी ही सर्वांत भरवशाची खूण आहे. फोटो काढणारे लोक नेमकी हीच जागा सोडून वरून पानांचा फोटो काढतात, आणि मग ॲप काय ते सांगतं.

पानाच्या खाली पांढरे, किंचित फुगीर फोड दिसले तर घाबरू नका. घेटुळीवर येणारा तो पांढरा तांबेरा आहे, बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाने होणारा रोग. पावसाळ्यात तो सर्रास दिसतो. असा नमुना ओळखीला चालतो, भाजीला किंवा औषधाला घेऊ नये. पानं कुरतडलेली असतील तर खाली शोधा, शेपटीला शिंगासारखा काटा असलेला हिरवा किंवा तपकिरी सुरवंट सापडण्याचा संभव आहे. ससाण्या पतंगांच्या गटातल्या एका जातीला या झाडावरूनच हिपोशन बोअरहाविये असं नाव पडलंय.

तिसरी पायरी: फूल

इथे घाई करू नका. फूल ३-४ मिलिमीटरच्या आसपास असतं, नुसत्या डोळ्यांना ते गुलाबी-जांभळट ठिपक्यासारखं दिसतं. पण बघण्यासारखं सगळं त्यातच आहे.

आधी फुलं कुठे येतात ते बघा. घेटुळीत पानाच्या बगलेतून किंवा फांदीच्या टोकातून एक बारीक दांडी निघते, ती पुन्हा फुटत जाते आणि तिच्या प्रत्येक टोकाशी थोड्या फुलांचा लहानसा झुबका असतो. म्हणजे फुलं पानांपासून दूर, हवेत धरलेली. ट्रायन्थेमात फुलाला दांडीच नसते. ते एकटं, देठाच्या त्या खिशात अर्धं बुडालेलं असतं. एवढं कळलं तरी निम्मा निकाल लागला.

आता एक फूल तोडून तळहातावर घ्या आणि भिंगातून बाजूने बघा. त्याचे दोन भाग दिसतील. वरचा नरसाळ्यासारखा, रंगीत, काठाला पाच पाळ्या. खालचा हिरवा, फुगीर, त्यावर उभ्या कडा. मध्ये फूल थोडं आवळलेलं. वरचा रंगीत भाग पाकळ्यांचा वाटतो, पण घेटुळीला पाकळ्या नसतातच. रंगीत आणि हिरवा दोन्ही भाग एकाच परिदलपुंजाचे, म्हणजे फुलाच्या एकाच आवरणाचे आहेत. गुलबक्षीच्या फुलातही हेच आहे, फक्त ते मोठं असल्याने तिथे तपासणं सोपं. शंका असेल तर आधी घरच्या गुलबक्षीचं एक फूल उभं चिरून बघा, मग घेटुळीकडे या. बोगनवेलीतला रंग तर आणखी वेगळ्या अवयवाचा, छदांचा, म्हणजे फुलाभोवतीच्या तीन पानांसारख्या भागांचा असतो. खरं फूल त्या तिघांच्या आत असलेली पांढुरकी नळी. एकाच कुळात रंग दाखवायचं काम वेगवेगळ्या अवयवांकडे कसं गेलं, हे या तिघींवरून छान समजतं.

दाढीच्या पात्याने फूल उभं चिरा. आत पुंकेसर मोजा. घेटुळीत २ किंवा ३, नरसाळ्याच्या तोंडाबाहेर किंचित डोकावणारे. ट्रायन्थेमात ते दहाच्या वर असतात, वीसपर्यंतही जातात. तिथे मोजायला बसावंच लागत नाही, नुसता झुबका दिसला की पुरे. खालच्या हिरव्या भागात एकच बीजांडकोश, त्यात एकच बीजांड.

चौथी पायरी: फळ

मला एकच खूण निवडायला सांगितली तर मी फळ निवडेन. ते वर्षातले बरेच महिने झाडावर असतं, वाळल्यावरही आकार बदलत नाही, आणि दाबलेल्या नमुन्यातही टिकतं.

फुलाचा रंगीत भाग सुकून गळून पडतो. हिरवा भाग मात्र गळत नाही, उलट आतल्या बीला घट्ट वेढून कडक होतो. त्यामुळे आपण ज्याला घेटुळीचं बी म्हणतो ते खरं तर फुलाच्या बुडासकट बंद झालेलं फळ आहे. लांबी ३ ते ४ मिलिमीटर, आकार मुद्गलासारखा: खाली निमुळतं, वर जाड आणि गोलसर. त्यावर पाच उभ्या कडा, आणि अंगावर बारीक ग्रंथी, ज्यांतून चिकट स्राव येतो.

परीक्षा सोपी आहे. चार-पाच पिकलेली फळं मनगटाच्या आतल्या बाजूला दाबा आणि हात उलटा करा. घेटुळीची फळं चिकटून राहतात. पायजम्याला, साडीच्या काठाला, कुत्र्याच्या केसांना, पक्ष्यांच्या पायांना चिकटूनच ती उष्ण कटिबंधात सगळीकडे पोहोचली आहे. शेतातून परतल्यावर कपड्यांवर जे हिरवे-तपकिरी दाणे सापडतात, त्यांतले काही भिंगाखाली धरून बघा.

नंतर फळाचं टोक बघा. ते गोलसर असेल आणि फळ चिकट असेल तर घेटुळी. टोक सपाट कापल्यासारखं असेल, फळ उलट्या शंकूसारखं आणि कोरडं असेल, तर ती बोअरहाविया इरेक्टा. ही मूळची अमेरिकेतली जात आता आपल्या रस्त्यांच्या कडेला भरपूर झाली आहे. ती उभी वाढते, फुलं पांढरी ते फिकट गुलाबी, पानाच्या खालच्या बाजूला बारीक ठिपके. प्रजाती, म्हणजे नावातला पहिला भाग, तीच असल्याने फुलावरून फसायला होतं. झाड उभं दिसलं की लगेच फळाच्या टोकाकडे जायचं, ही सवय लावून घ्या.

ट्रायन्थेमाचं फळ सर्वस्वी वेगळ्या घडणीचं आहे. ते देठाच्या खिशात दडलेलं बोंड असतं, त्याला आडवी चीर असते आणि पिकल्यावर वरचं झाकण डबीसारखं सुटून येतं. आत काळ्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, खरखरीत बिया. झाकणातही एखादी बी अडकून जाते. सुईच्या टोकाने ते झाकण उचलून बघा. झाकण निघालं आणि आतून एकाहून जास्त काळ्या बिया आल्या, म्हणजे ती घेटुळी नाही, मग देठ कितीही लाल असो आणि विकणारा काहीही म्हणो.

पाचवी पायरी: मूळ

घेटुळी बहुवर्षायू आहे, ट्रायन्थेमा आपल्याकडे बहुतांशी एका हंगामाची. हे मुळात दिसतं. कोरडवाहू भागात उन्हाळ्यात घेटुळीचा वरचा पसारा वाळून जातो, जमिनीवर काहीच उरत नाही. खाली सोटमूळ आणि त्याच्या डोक्यावरचा बुंधा जिवंत असतो, पाऊस पडला की त्या बुंध्यावरच्या डोळ्यांतून नवे कोंब येतात. ओलीची जागा असेल तर वरचा भागही बारा महिने हिरवा राहतो.

मूळ तपासायचं म्हणून झाडं उपटत सुटू नका. एका जागेवरचं एकच झाड पुरे, आणि तेही तिथे भरपूर असतील तर. बुंध्यापासून वीतभर अंतर ठेवून खुरपीने एका बाजूची माती काढा. उपटायला गेलात तर मूळ बहुधा मध्येच तुटेल, कारण ते पसाऱ्यावरून वाटतं त्याहून खोल जातं. ताजं मूळ मांसल, पिवळसर तपकिरी ते करडं, थोडं वेडंवाकडं, अंगावर बारीक उभ्या रेघा आणि उपमुळांचे वण. जाडी काडीएवढ्यापासून अंगठ्यापर्यंत, वयाप्रमाणे.

आता पात्याने स्वच्छ आडवा काप घ्या आणि भिंग लावा. मध्यापासून बाहेरपर्यंत एकात एक कडी दिसतील: एक कडं लाकडासारख्या वाहक (पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या) ऊतींचं, मग मऊ ऊतींचं, पुन्हा वाहक, पुन्हा मऊ. हीच या मुळाची सही. आंब्या-सागवानासारख्या झाडाच्या खोडात ऊतिकराचं, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या थराचं, एकच वलय वर्षानुवर्षं काम करतं. घेटुळीत एक वलय थोडं काम करून थांबतं, त्याच्या बाहेर दुसरं तयार होतं, मग तिसरं. वनस्पतिशास्त्रात याला विसंगत द्वितीयक वाढ म्हणतात आणि पदवीच्या प्रात्यक्षिकात बोअरहावियाचा काप त्यासाठीच देतात. बीटरूट आडवं कापल्यावर दिसणारी वलयंही याच तऱ्हेने झालेली असतात. एक सावधगिरी: ही कडी वर्षांची नव्हेत. ती मोजून झाडाचं वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

शाळेचा साधा सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर मूळ किंवा पान पाण्याच्या थेंबात चुरगळून काचपट्टीवर बघा. सुयांच्या जुडग्यासारखे टोकदार स्फटिक दिसतात, ते कॅल्शियम ऑक्झलेटचे. एवढ्यावर ओळख ठरत नाही, इतर अनेक वनस्पतींत तेच असतं, पण बाकीच्या खुणांना पुष्टी मिळते.

बाकीचे तोतये

ट्रायन्थेमाचं पुरेसं झालं. तिची एक जवळची नातेवाईक झालेया डिकॅन्ड्रा, तीही जमिनीवर पसरते, पण तिची फुलं पानाच्या बगलेत गुच्छाने येतात आणि पुंकेसर १० असतात. घोळ पिवळ्या फुलावरून सुटते. कुंपणावर चढणारी, गुलाबी फुलांचे छत्रीसारखे झुबके असलेली, फळांवर ठसठशीत चिकट पुटकुळ्या असलेली वेल दिसली तर ती कॉमिकार्पस. पूर्वी तिलाही बोअरहावियातच धरत, म्हणून जुन्या पुस्तकांत ती त्या नावाने सापडते.

नावांचा विषय निघालाय तर आणखी एक. लिनीअसने १७५३ मध्ये ही प्रजाती नोंदवली, नाव लायडनचे डच वैद्य हर्मन बोअरहावं यांच्यावरून. औषधांच्या पाकिटांवर आणि पुस्तकांत हे नाव इंग्रजीत एका 'ए'ने किंवा दोन 'ए'ने लिहिलेलं दिसेल. ती दोन वेगळी झाडं नाहीत.

नमुना दाबून ठेवणं

ओळख पक्की झाली तरी पुरावा ठेवा. फोटो चालतो, पण दाबलेला नमुना त्याहून चांगला, कारण वर्षाने शंका आली तर फळ पुन्हा भिंगाखाली धरता येतं. फुलं आणि फळं दोन्ही असलेली वीत-दीड वीत फांदी घ्या. वर्तमानपत्राच्या घडीत पसरताना दोन-तीन पानं मुद्दाम उलटी ठेवा, म्हणजे पांढुरकी बाजू दिसेल. वर जड पुस्तकं किंवा पाट. पावसाळ्यात रोज कागद बदला, नाहीतर बुरशी येते. ट्रायन्थेमाचा नमुना सोबत ठेवायचा असेल तर धीर धरा, ती पानं मांसल असल्याने वाळायला कितीतरी जास्त वेळ घेतात. घेटुळीची सुटी पडलेली फळं कागदाच्या पुडीत घालून त्याच पानाला चिकटवा.

चिठ्ठीवर गाव, तालुका, जागा कसली होती, तारीख, फुलाचा ताजा रंग आणि तिथल्या लोकांनी सांगितलेलं नाव लिहा. फुलाचा रंग तर नक्कीच, तो सुकल्यावर उडतो. ताडून बघायचं असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं वनस्पतिसंग्रहालय आणि आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह आहे, मुंबईत झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम. जाण्याआधी विचारून जा आणि नमुना नीट वाळलेलाच न्या, ओला नमुना त्यांच्या संग्रहात कीड घेऊन जातो.

लावणं आणि काढणं

एकदा खात्रीचं झाड मिळालं की पुन्हा पुन्हा बाहेरून आणण्यापेक्षा ते घरी लावणं शहाणपणाचं. पिकलेली चिकट फळं कागदावर झटकून घ्या आणि मृगाच्या पावसाच्या सुमारास भुसभुशीत मातीत अगदी वरवर पेरा. जमीन निचऱ्याची हवी, पाणी तुंबलं की मूळ कुजतं. बुंध्यासकट मुळाचा तुकडा मिळाला तर तोही फुटतो. कुंडीत लावायचं तर खोल कुंडी घ्या, उथळ कुंडीत पसारा येईल पण मूळ धरणार नाही. एकदा रुजली की काळजी घेण्यापेक्षा तिला आवरणंच जास्त करावं लागतं. कापसाच्या, भाजीपाल्याच्या शेतात ती तण म्हणून नकोशी होते ते उगाच नव्हे: वरून खुरपलं की खाली बुंधा तसाच राहतो.

भाजीसाठी कोवळे शेंडे पावसाळ्याच्या सुरुवातीला, फुलं येण्याआधी खुडा. पण ओळख कशी पटवायची, फळं तर तेव्हा नसतात? म्हणून जागा आदल्या हंगामात फळांवरून ठरवून ठेवायची. तेही नसेल जमलं तर देठाच्या बुडाचा खिसा तपासा. मुळं काढायची तर पाऊस ओसरल्यावर, फळं पिकून गळाल्यावर. तीनातलं एक झाड घ्या, दोन ठेवा, आणि काढलेल्या झाडाचाही बुंधा थोड्या मुळासकट परत मातीत पुरा. बऱ्याचदा तो जगतो.

रेल्वेरुळ, तणनाशक मारलेले बांध, सांडपाण्याची गटारं, कारखान्यांचं आवार इथली घेटुळी फक्त बघायची. राखीव जंगलातून काहीही काढायला वनविभागाची परवानगी लागते, अभयारण्यात तर प्रश्नच नको.

वाळलेला माल तपासताना

दुकानातली पूड ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. पूड झाली की भिंगाचं काम संपतं, मग प्रयोगशाळाच हवी. अख्खं वाळलेलं मूळ किंवा पंचांग (मूळ, खोड, पानं, फुलं, फळं असं सगळं झाड) मागा. मूळ असेल तर एक तुकडा मोडा: तो न वाकता पटकन तुटतो, खास वास नसतो, चव किंचित कडवट. तुटलेली बाजू पात्याने सपाट करून ओल्या बोटाने पुसा, कडी दिसायला लागतील. पंचांग असेल तर ते पांढऱ्या कागदावर झटकून खाली काय पडतं ते बघा. पाच कडांची मुद्गलासारखी फळं पडली तर ठीक. काळ्या मूत्रपिंडाकार बिया आणि डबीची झाकणं पडली तर मालात ट्रायन्थेमा आहे. दोन्ही पडली तर दोन्ही आहेत, आणि असं पुष्कळदा होतं.

हे एवढं करायचं कारण म्हणजे दोघींचे गुण सारखे नाहीत. आयुर्वेदात पुनर्नवा सूज उतरवणारी, लघवी साफ करणारी म्हणून सांगितली आहे, निघंटूंत, म्हणजे औषधींच्या जुन्या कोशांत, तिला शोथघ्नी (सूज घालवणारी) म्हटलंय, पुनर्नवा मंडूर आणि पुनर्नवासव ही नावं तर घरोघर माहीत असतात. ट्रायन्थेमाचं मूळ तीव्र रेचक आहे आणि गरोदर बाईने ते घेणं धोक्याचं. खऱ्या घेटुळीतही पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी वैद्य-डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिचा काढा घेऊ नये. पायाला सूज आली म्हणून नुसता काढा पीत राहणं हा तर सरळ अपाय. ती सूज हृदयाची, मूत्रपिंडाची की यकृताची हे आधी तपासून घ्यावं लागतं.

भाजीचं तेवढं कडक नाही. कोवळे शेंडे तीन-चार पाण्यांतून धुवा, पानाच्या मागची माती लवकर सुटत नाही. चिरून उकळत्या पाण्यातून काढा, पाणी फेकून द्या, भाजी पिळून घ्या. तेलात ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची, वर भिजवलेली मूगडाळ, डाळ अर्धी शिजली की भाजी, शेवटी मीठ. पिळल्यावर तिचा ढीग मूठभरच उरतो, तेव्हा खुडतानाच दुप्पट खुडा.